आनंदीबाई जोशी

आनंदीबाई गोपाळराव जोशी (जन्म : पुणे, ३१ मार्च १८६५, मृत्यू : पुणे, २६ फेब्रुवारी १८८७) या अमेरिकेत जाऊन पाश्चात्त्य वैद्यकशास्त्राची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री होत. त्यांचे माहेर ठाणे जिल्ह्यातील कल्याण येथे होते. वयाच्या अठराव्या वर्षी, पती बरोबर नसताना, त्यांनी कोलकाता ते न्यूयॉर्क हा सुमारे ५८ दिवसांचा सागरी प्रवास केला आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथील वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया या संस्थेची एम.डी. ही पदवी संपादन केली. मायदेशी परतल्यावर जेमतेम तीन महिन्यांत क्षयरोगाने त्यांचे निधन झाले. त्यामुळे मिळवलेल्या ज्ञानाचा उपयोग आपल्या देशातील स्त्रियांसाठी करण्याची संधी त्यांना लाभली नाही.

जन्म आणि बालपण

आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना. त्यांचा जन्म पुण्यात आजोळी झाला. वडील गणपतराव अमृतेश्वर जोशी हे जुन्या कल्याणातील पारनाक्यावर राहत असत. हे घराणे एके काळी सुखवस्तू होते. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याची आर्थिक स्थिती खालावली होती. यमुनेचे बालपण कल्याण येथे गेले.

त्या काळी कल्याण हे मुंबईबाहेरचे एक लहानसे, परंतु दळणवळणाच्या दृष्टीने महत्त्वाचे गाव होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या ३४ किलोमीटरच्या मार्गावर भारतातील पहिली प्रवासी आगगाडी धावली. पुढील वर्षी, म्हणजे १८५४ मध्ये, हा लोहमार्ग कल्याणपर्यंत पोचला. कल्याणहून एक फाटा बोरघाटातून पुण्याकडे आणि दुसरा थळघाटातून नाशिककडे गेला. १८७० मध्ये जबलपूर व अलाहाबादमार्गे मुंबई आणि कोलकाता ही शहरे सलग लोहमार्गाने जोडली गेली. यमुना पाच वर्षांची असतानाच तिच्या गावाहून निघणारी वाट देशाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन पोचली होती. मात्र घराबाहेर न पडणाऱ्या ब्राह्मण स्त्रियांच्या आयुष्याशी या बदलाचा फारसा संबंध येत नसे.

विवाह

यमुनेचा विवाह ३१ मार्च १८७४ रोजी, तिच्या नवव्या वाढदिवशी, गोपाळराव विनायक जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव मूळचे संगमनेरचे. ते टपाल खात्यात कारकून होते. ते बिजवर असून वयाने पत्नीपेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. पत्नीला शिकवू देण्याची अट त्यांनी विवाहापूर्वीच सासरच्या मंडळींना घातली होती. विवाहानंतर यमुनेचे नाव आनंदी ठेवण्यात आले.

गोपाळरावांचा स्त्रीशिक्षणाविषयीचा आग्रह हा आनंदीबाईंच्या जीवनातील निर्णायक घटक ठरला. हा आग्रह अनेकदा कठोर स्वरूपाचा होता. अभ्यासात कुचराई झाल्यास ते पत्नीला मारहाण करीत. आनंदीबाईंनी पुढे अमेरिकेहून पतीला लिहिलेल्या पत्रांतही त्याचे उल्लेख आढळतात. त्याच पत्रांत त्यांनी आपल्या शिक्षणाचे श्रेयही पतीला दिले आहे. त्यांच्या चरित्रकारांनी या नात्यातील दोन्ही बाजूंची नोंद घेतली आहे.

वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. परंतु पुरेशा वैद्यकीय मदतीअभावी ते मूल दहा दिवसांतच दगावले. परपुरुषाकडून तपासून घेण्यास स्त्रिया तयार नसत आणि स्त्री-डॉक्टर उपलब्ध नसत. या परिस्थितीमुळे किती स्त्रिया व अर्भके प्राणास मुकतात याची जाणीव त्यांना या प्रसंगातून झाली. वैद्यकशास्त्र शिकण्याचा त्यांचा विचार येथूनच आकारास आला असे मानले जाते.

बदल्या आणि शिक्षण

गोपाळरावांच्या नोकरीमुळे या दांपत्याला वारंवार स्थलांतर करावे लागले. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कोलकाता आणि श्रीरामपूर (बंगाल) अशा त्यांच्या बदल्या झाल्या. कुटुंबातील वडीलधाऱ्यांचा विरोध टाळून पत्नीला शिकवता यावे म्हणून गोपाळरावांनी दूरच्या ठिकाणची बदली आपण होऊन मागून घेतल्याचेही सांगितले जाते. त्या काळात कोल्हापूरला आगगाडी नव्हती. तेथील लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला. भूजही रेल्वेने जोडलेले नव्हते. त्यामुळे यांतील काही प्रवास खडतर होते.

आनंदीबाई घरी मराठी व संस्कृत शिकल्या आणि पुढे त्यांनी इंग्रजीवर प्रभुत्व मिळवले. मुंबईत काही काळ त्या मिशनरी शाळेतही जात असत. पायांत बूट घालून, पुस्तके घेऊन रस्त्याने जाणारी विवाहित ब्राह्मण स्त्री हे दृश्य लोकांना सहन होत नसे आणि त्यांना टवाळीला तोंड द्यावे लागे. पतीबरोबर मोकळेपणाने फिरावयास जाण्यावरूनही ठिकठिकाणी त्यांची निर्भर्त्सना झाली.

अमेरिकेशी पत्रव्यवहार

कोल्हापूर येथे असताना गोपाळरावांनी पत्नीच्या अमेरिकेतील शिक्षणासाठी रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून साहाय्य मागितले. ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यास मदत करता येईल असे वाइल्डर यांनी सुचवले. जोशी दांपत्याला हे मान्य नव्हते. वाइल्डर यांनी हा पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात प्रसिद्ध केला.

न्यू जर्सी राज्यातील रोझेल या गावी राहणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीने १८८० मध्ये एका दंतवैद्याच्या प्रतीक्षाकक्षात हे नियतकालिक वाचले. धर्मांतराच्या अटीविना शिकू पाहणाऱ्या एका हिंदू स्त्रीविषयी त्यांच्या मनात आस्था निर्माण झाली आणि त्यांनी थेट पत्र पाठवले. त्यातून सुरू झालेला पत्रव्यवहार पुढे जिव्हाळ्याच्या नात्यात रूपांतरित झाला. आनंदीबाई कार्पेंटर यांना मावशी मानीत असत. घरगुती रीतिरिवाज, सणवार, बालविवाह, आहार आणि स्त्रियांची स्थिती असे अनेक विषय या पत्रांत येतात. आनंदीबाईंची प्रकृती मुळातच नाजूक होती. डोकेदुखी, अशक्तपणा आणि अधूनमधून येणारा ताप यांचा त्रास कळल्यावर कार्पेंटर यांनी अमेरिकेहून औषधेही पाठवली.

हा पत्रव्यवहार शक्य होण्यास तत्कालीन टपालव्यवस्था कारणीभूत होती. १८७४ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय टपाल संघात ब्रिटिश हिंदुस्थान १८७६ मध्ये सामील झाला होता. त्यामुळे एका देशात तिकीट लावलेले पत्र सामान्य माणसाला परवडेल अशा दरात दुसऱ्या देशात पोचू लागले. तारेचा संदेश समुद्राखालील तारांमधून काही तासांत खंडापलीकडे जात असे. परंतु त्याचा खर्च कारकुनाच्या आवाक्याबाहेरचा होता. पत्र जहाजाने जाई आणि त्याला कित्येक आठवडे लागत. प्रश्न विचारल्यापासून उत्तर हाती येईपर्यंत दोन-तीन महिने उलटत.

श्रीरामपूरचे भाषण

कोलकात्यात असताना थॉरबर्न नावाच्या डॉक्टर दांपत्याने आनंदीबाईंना फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची माहिती दिली. १८५० मध्ये स्थापन झालेले हे महाविद्यालय स्त्रियांना वैद्यकीय पदवी देणाऱ्या जगातील आद्य संस्थांपैकी एक होते. दोघांनी बरोबर जाण्याची आर्थिक ऐपत नसल्याने आणि गोपाळरावांना नोकरी सोडणे शक्य नसल्याने आनंदीबाईंनी एकटीने जावे असा निर्णय झाला.

हिंदू स्त्रीने, तेही पतीविना, समुद्र ओलांडून परदेशी जाण्याच्या कल्पनेला समाजातून तीव्र विरोध झाला. समुद्रपर्यटन केल्याने जात जाते अशी त्या काळी समजूत होती आणि परतलेल्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागे. या पार्श्वभूमीवर २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर महाविद्यालयाच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीतून जाहीर भाषण केले. आपण अमेरिकेस का जात आहोत, हिंदुस्थानात राहून हे शिक्षण का घेता येत नाही, एकटीने का जात आहोत, परतल्यावर वाळीत टाकले जाण्याचे भय का वाटत नाही, अशा प्रश्नांची उत्तरे त्यांनी त्यात क्रमवार दिली. हिंदुस्थानाला हिंदू स्त्री-डॉक्टरांची गरज असून त्यासाठी आपण स्वतः पुढे येत आहोत आणि हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांचे प्रतिपादन होते. सतरा वर्षे वयाच्या विवाहित ब्राह्मण स्त्रीने मिश्र सभेपुढे असे भाषण करणे ही अपूर्व घटना होती. या भाषणाची वृत्तपत्रांतून प्रसिद्धी झाली आणि देशाच्या विविध भागांतून त्यांना आर्थिक साहाय्य मिळाले. उरलेला खर्च भागवण्यासाठी त्यांनी आपले दागिने विकले.

कोलकाता ते न्यूयॉर्क

आनंदीबाई ७ एप्रिल १८८३ रोजी सिटी ऑफ कलकत्ता या आगबोटीने कोलकात्याहून निघाल्या. थॉरबर्न दांपत्याच्या परिचयातील दोन स्त्रियांची त्यांना सोबत होती. स्वतःच्या कुटुंबातील कोणीही बरोबर नव्हते. सहप्रवासी भिन्नधर्मीय, आहार अपरिचित आणि बोलण्याची भाषा परकी अशा वातावरणात त्यांनी हा प्रवास केला. ४ जून १८८३ रोजी त्या न्यूयॉर्क येथे पोचल्या. बंदरावर थिओडिशिया कार्पेंटर त्यांना घेण्यासाठी आल्या होत्या. पत्रांतून तीन वर्षे परिचय असलेल्या या दोन स्त्रिया तेथे प्रथमच समोरासमोर भेटल्या.

निघाल्यापासून पोचेपर्यंत या प्रवासास ५८ दिवस लागले. कोलकात्याहून सिंहलद्वीपाला वळसा घालून एडन, तांबडा समुद्र, सुएझ कालवा, भूमध्य समुद्र आणि अटलांटिक महासागर अशा मार्गाने न्यूयॉर्कपर्यंतचे सागरी अंतर १८ हजार किलोमीटरांहून अधिक भरते. वाटेतील बंदरांवरचे थांबे धरून हिशेब केला तर दिवसाला सरासरी तीनशेहून अधिक किलोमीटर अंतर कापले गेले असे दिसते. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला होण्यापूर्वी हाच प्रवास आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून करावा लागे. कालव्यामुळे मुंबई ते लंडन हे सागरी अंतर सुमारे १९,८०० किलोमीटरांवरून सुमारे ११,६०० किलोमीटरांवर आले होते.

त्या काळी याहून जलद पर्यायही उपलब्ध होता. जूल व्हर्न यांच्या १८७३ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालेल्या ८० दिवसांतील पृथ्वीप्रदक्षिणेच्या कादंबरीत प्रवासाचे जे वेळापत्रक दिले आहे, त्यानुसार कोलकाता ते मुंबई रेल्वेने ३ दिवस, मुंबई ते सुएझ १३ दिवस, सुएझ ते लंडन ७ दिवस आणि लंडन ते न्यूयॉर्क ९ दिवस लागतात. या चार टप्प्यांची बेरीज ३२ दिवस होते. हे वेळापत्रक कादंबरीतील असले तरी ते तत्कालीन आगगाड्या व टपालबोटींच्या वेगाशी जुळणारे होते. मात्र अशा प्रवासात ठिकठिकाणी गाड्या व बोटी बदलाव्या लागत आणि कोलकात्यापासून मिळालेली विश्वासू सोबत सुटण्याचा संभव असे. अनोळखी जगात प्रथमच जाणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने प्रवास किती दिवसांचा आहे यापेक्षा तो कोणाबरोबर होणार याला अधिक महत्त्व होते.

वैद्यकीय शिक्षण

रोझेल येथे कार्पेंटर कुटुंबात काही महिने राहिल्यावर आनंदीबाईंनी फिलाडेल्फियातील वुमन्स मेडिकल कॉलेजकडे प्रवेशासाठी अर्ज केला. महाविद्यालयाच्या अधिष्ठाता रेचल बॉडली यांनी त्यांना प्रवेश व शिष्यवृत्ती दिली. १८८३ च्या शरद ऋतूत, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला.

फिलाडेल्फियात त्यांना थंडीचा फार त्रास झाला. राहण्याच्या खोलीतील शेकोटी नीट पेटत नसे आणि खोलीत धूर कोंडत असे. शाकाहार व साडी हा वेष त्यांनी सोडला नाही. उपलब्ध अन्नातून त्यांचे पोषण पुरेसे होत नव्हते. अशा परिस्थितीत त्यांची प्रकृती ढासळत गेली आणि त्यांना क्षयाने ग्रासले. क्षयाच्या जंतूचा शोध रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये लावला होता. परंतु या रोगावर परिणामकारक औषध मिळण्यास अजून सहा दशकांचा अवधी होता.

महाविद्यालयात आनंदीबाईंसह इतरही परदेशी विद्यार्थिनी होत्या. जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली यांच्यासमवेत काढलेले त्यांचे १० ऑक्टोबर १८८५ रोजीचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. तिघींनीही आपापल्या देशाचा वेष परिधान केलेला आहे. ओकामी व इस्लामबूली यांनी पुढे याच संस्थेची पदवी मिळवली.

पदवीसाठी आनंदीबाईंनी आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र या विषयावर प्रबंध लिहिला. त्यासाठी त्यांनी प्राचीन संस्कृत ग्रंथांतील माहितीचा आणि महाविद्यालयात शिकलेल्या आधुनिक पाठ्यपुस्तकांचा आधार घेतला. ११ मार्च १८८६ रोजी झालेल्या पदवीदान समारंभास गोपाळराव उपस्थित होते. ते दरम्यानच्या काळात अमेरिकेत येऊन पोचले होते. पंडिता रमाबाई या समारंभासाठी इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. आनंदीबाईंनी पदवी मिळवल्याबद्दल व्हिक्टोरिया राणीने अभिनंदनपर संदेश पाठवला.

कोल्हापूर येथील नेमणूक आणि परतीचा प्रवास

पदवी मिळाल्यावर कोल्हापूर संस्थानाने आनंदीबाईंची नेमणूक तेथील अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाच्या प्रमुख डॉक्टर म्हणून केली. हेच रुग्णालय आज छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय म्हणून ओळखले जाते. ज्या कोल्हापुरातून गोपाळरावांनी साहाय्यासाठी पहिले पत्र पाठवले होते, तेथेच डॉक्टर म्हणून परतण्याची संधी त्यांना मिळाली होती. स्त्रियांना वैद्यकीय साहाय्य देण्यासाठी लेडी डफरिन यांनी १८८५ मध्ये निधी उभारला होता. स्त्री-डॉक्टरांची गरज आता सरकारदरबारीही मान्य होऊ लागली होती.

१८८६ च्या ऑक्टोबर महिन्यात जोशी दांपत्य अमेरिकेहून इंग्लंडमार्गे निघाले आणि नोव्हेंबरमध्ये मुंबईस पोचले. अटलांटिक महासागर पार करण्यास वेगवान बोटींना त्या सुमारास आठवडाभर पुरत असे; परंतु तेथून पुढे मुंबईपर्यंतचा प्रवास अनेक आठवड्यांचा होता. क्षयाने ग्रस्त रुग्णाच्या दृष्टीने बोटीवरील महिन्याहून अधिक काळचे वास्तव्य, हवामानातील बदल आणि अपुरी शुश्रूषा हे सारेच त्रासदायक ठरले. मुंबईत उतरेपर्यंत आनंदीबाईंची प्रकृती अधिकच खालावली होती.

मुंबईत त्यांचे उत्साहाने स्वागत झाले. तीन वर्षांपूर्वी ज्यांच्या जाण्यावर टीका झाली होती, त्यांच्या अभिनंदनाची पत्रे आता येऊ लागली. वाळीत टाकण्याचे जे भय दाखवले जात होते ते प्रत्यक्षात उतरले नाही. पुढे त्यांना उपचारासाठी पुण्यास आणण्यात आले. पाश्चात्त्य औषधे आणि आयुर्वेदीय उपचार दोन्ही करून पाहण्यात आले. परंतु उपयोग झाला नाही. कोल्हापूर येथील कामावर त्या रुजू होऊ शकल्या नाहीत.

निधन

२६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे आनंदीबाईंचे निधन झाले. वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्यास तेव्हा महिन्याहून थोडा अधिक अवधी होता. त्यांच्या निधनाबद्दल देशभर हळहळ व्यक्त झाली. गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे अमेरिकेत पाठवल्या. कार्पेंटर यांनी त्या न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथील दफनभूमीत आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवल्या आणि तेथे स्मृतिशिला उभारली. आनंदीबाईंच्या देहाचे अवशेष अशा रीतीने हा सागरी मार्ग पुन्हा एकदा ओलांडून गेले.

गोपाळराव पुढे पुण्यातील सार्वजनिक जीवनात वादग्रस्त व्यक्ती म्हणून ओळखले गेले. १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदी प्रतिष्ठितांना बोलावून चहापान घडवून आणणारे आणि नंतर उपस्थितांची यादी वृत्तपत्रात प्रसिद्ध होऊ देऊन ग्रामण्य उभे करणारे ते हेच गोपाळराव जोशी होत.

तेव्हाचे आणि आजचे अंतर

पृथ्वीच्या गोलावरील दोन ठिकाणांमधील सर्वांत कमी अंतर बृहद्‌वृत्तावरून मोजतात. या पद्धतीने कोलकाता व न्यूयॉर्क यांमधील अंतर सुमारे १२,७५० किलोमीटर, तर मुंबई व न्यूयॉर्क यांमधील अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर येते. आगबोटीला जमिनीला वळसा घालून जावे लागत असल्याने आनंदीबाईंचा मार्ग त्याहून किमान साडेपाच हजार किलोमीटरांनी लांबला होता. विमानेही तंतोतंत बृहद्‌वृत्तावरून जात नाहीत. वाऱ्याची दिशा, हवामान आणि देशोदेशींच्या हवाई हद्दींवरील निर्बंध यांनुसार मार्ग बदलतो.

भारतातून न्यूयॉर्कला नियमित विमानसेवा एअर इंडियाने १९६० मध्ये लंडनमार्गे सुरू केली. आज मुंबईहून न्यूयॉर्क परिसरात विनाथांबा जाणाऱ्या विमानाला सुमारे १६ तास लागतात. येताना हा काळ सामान्यतः कमी असतो. कारण उत्तर गोलार्धातील मध्य अक्षांशांवर उंचावरचे प्रबळ वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि पूर्वेकडे येणाऱ्या विमानाला ते साहाय्य करतात. कोलकात्याहून निघणाऱ्या प्रवाशाला साधारणतः मध्ये विमान बदलावे लागते, त्यामुळे एकूण प्रवास २० तासांहून अधिक होतो. कल्याणहून मुंबईच्या विमानतळापर्यंतचे सुमारे ४० किलोमीटरांचे अंतर कापण्यास वाहनांच्या गर्दीत दीड-दोन तास जातात. तेवढ्या वेळात विमान दीड हजार किलोमीटर पुढे गेलेले असते.

५८ दिवस म्हणजे १,३९२ तास. १६ तासांच्या उड्डाणाशी तुलना केली तर हे प्रमाण सुमारे ८७ पट होते. कालमापनाची पद्धतीही तेव्हा निराळी होती. कोलकात्याची आणि मुंबईची घड्याळे वेगवेगळी चालत व त्यांत तासाभराचा फरक असे. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये लागू झाली. अमेरिकेत तर प्रत्येक मोठ्या शहराची स्थानिक वेळ वेगळी होती. तेथील रेल्वे कंपन्यांनी प्रमाणवेळेचे विभाग १८ नोव्हेंबर १८८३ रोजी, म्हणजे आनंदीबाई अमेरिकेत पोचल्यानंतर साडेपाच महिन्यांनी, अमलात आणले.

वेळ कमी झाल्याने बदललेली मुख्य गोष्ट म्हणजे परत फिरण्याची शक्यता. आज परदेशी शिकणारी विद्यार्थिनी आजारी पडली तर दुसऱ्या दिवशी घरी पोचू शकते आणि घरच्यांचा आवाज तिला केव्हाही ऐकता येतो. आनंदीबाईंना आजाराची बातमी कळवून उत्तर मिळण्यासच दोन-तीन महिने लागत आणि शिक्षण अर्धवट टाकून परतायचे तर पुन्हा तितकाच खर्च व तितकेच दिवस लागणार होते. जमवलेला निधी, समाजापुढे दिलेला शब्द आणि महासागरांचे अंतर यांमुळे मधूनच माघार घेण्याचा मार्ग त्यांच्यापुढे जवळजवळ उरलाच नव्हता. त्यांची प्रकृती बिघडत असतानाही अभ्यासक्रम पूर्ण होण्यामागे त्यांची जिद्द होती, तशी ही परिस्थितीही होती.

समकालीन आणि नंतरच्या स्त्री-डॉक्टर

कोलकात्याच्या कादंबिनी गांगुली यांनी १८८६ मध्येच, परंतु भारतात राहून, कोलकाता वैद्यकीय महाविद्यालयातून वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले आणि पुढे प्रदीर्घ काळ व्यवसाय केला. त्यामुळे पहिल्या भारतीय स्त्री-डॉक्टर म्हणून या दोघींची नावे बरोबरीने घेतली जातात. बालविवाहाविरुद्धच्या न्यायालयीन लढ्यामुळे प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या रखमाबाई यांनी लंडन येथे वैद्यकीय शिक्षण घेतले आणि १८९५ च्या सुमारास परतून सुरत व राजकोट येथे अनेक वर्षे रुग्णसेवा केली. आनंदीबाईंना जे करता आले नाही ते या स्त्रियांच्या हातून घडले.

साहित्य, कला आणि स्मारके

आनंदीबाईंच्या निधनानंतर पुढच्याच वर्षी, १८८८ मध्ये, कॅरोलाइन हीली डॉल यांनी त्यांचे इंग्रजी चरित्र बॉस्टन येथे प्रसिद्ध केले. मराठीत काशीबाई कानिटकर यांनी त्यांचे चरित्र लिहिले. एका स्त्रीने लिहिलेले दुसऱ्या स्त्रीचे हे मराठीतील आरंभीचे चरित्र होय. श्री. ज. जोशी यांच्या १९६८ मधील ‘आनंदी गोपाळ’ या कादंबरीमुळे त्यांची जीवनकथा मराठी वाचकांच्या घराघरांत पोचली. या कादंबरीवर आधारित नाटकही रंगभूमीवर आले. अंजली कीर्तने यांनी ‘डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व’ हे संशोधनपर चरित्र लिहिले. मीरा कोसंबी यांनी आनंदीबाईंच्या पत्रांचा व भाषणांचा अभ्यास इंग्रजीतून मांडला. समीर विद्वांस दिग्दर्शित ‘आनंदी गोपाळ’ हा मराठी चित्रपट २०१९ मध्ये प्रदर्शित झाला.

शुक्र ग्रहावरील सुमारे ३४ किलोमीटर व्यासाच्या एका विवराला आनंदीबाईंचे नाव देण्यात आले आहे. त्यांच्या शिक्षणाशी संबंधित कागदपत्रे व छायाचित्रे फिलाडेल्फियातील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या अभिलेखागारात जतन केलेली आहेत. वुमन्स मेडिकल कॉलेजची परंपरा पुढे या विद्यापीठात विलीन झाली.

महत्त्व

आनंदीबाईंनी प्रत्यक्ष वैद्यकीय व्यवसाय केला नाही. त्यांच्या कार्याचे मोल बरे केलेल्या रुग्णांच्या संख्येने मोजता येत नाही. हिंदू स्त्री धर्मांतर न करता, स्वतःचे आचारविचार सांभाळून, समुद्रापलीकडे जाऊन आधुनिक विज्ञानाची सर्वोच्च पदवी मिळवू शकते हे त्यांनी कृतीने दाखवून दिले. त्यांच्यानंतर परदेशी जाणाऱ्या स्त्रियांना हा प्रवास शक्य आहे की नाही या प्रश्नापासून सुरुवात करावी लागली नाही. मात्र त्यांच्या मृत्यूला कारण झालेला क्षयरोग, त्यांच्या बाळाच्या मृत्यूला कारण झालेला उपचारांचा अभाव आणि स्त्रियांच्या आरोग्याकडे होणारे दुर्लक्ष हे प्रश्न त्यांच्या निधनानंतरही दीर्घ काळ कायम राहिले.